टाचणीताईंच्या मनगटावरची दुपार

मित्रांनो, मला पाहून हात मागे घेऊ नका. मी हातकडी आहे हे खरे. पण आता मी कुणालाच पकडू शकत नाही. माझे एक कडे करवतीने कापलेले आहे. ते कसे कापले गेले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची दोन कडी आणि मध्ये आखूड साखळी, एवढाच माझा देह. कड्याला बारीक दात असतात. ते आत सरकतात, बाहेर येत नाहीत. म्हणजे बंद होणे मला जमते, उघडणे जमत नाही. उघडायला किल्ली लागते आणि ती नेहमी दुसऱ्याच्या खिशात असते. लोकांना वाटते, बांधलेला माणूस तेवढा अडकतो. त्याच्याबरोबर मीही अडकते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझी उमेदीची वर्षे एका फौजदारसाहेबांच्या कमरेला गेली. किती मनगटे पाहिली मी! काही घामेजलेली, काही थंडगार, काही थरथरणारी. त्यांतले चोराचे कोणते आणि भलत्याचेच कोणते, हे मला मनगटावरून कधीच कळले नाही. साहेब मला आठवणीने तेल द्यायचे. "कधी दगा दिला नाही हिने," असे म्हणायचे. मला ते ऐकून बरेही वाटायचे आणि वाईटही.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि एका कॉलेजात शिकवू लागले. मलाही मोडीत काढले होते, म्हणून रीतसर परवानगी घेऊन त्यांनी मला बरोबर आणले. पहिल्या वर्षाला 'फौजदारी न्यायाची तोंडओळख' नावाचा विषय असतो. पोलीस काय करतात, न्यायालय काय करते, तुरुंग कशासाठी असतो, हे सगळे त्यात शिकवतात. वर्षातून एकदा मला वर्गात दाखवायचे आणि परत टेबलाच्या खणात, खडूंच्या भुकटीत टाकून द्यायचे. तेल द्यायचे मात्र आता साहेबांच्या लक्षात राहत नसे. माझ्या कुलपाला गंज चढला. तक्रार कुणाकडे करणार?

त्या वर्गात पोराटोरांमध्ये एक मोठ्या बाई बसत. त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. कॉलरला कायम टाचण्या टोचलेल्या, म्हणून सारा वर्ग त्यांना टाचणीताई म्हणायचा. तुरुंगात कैद्यांना शिवण शिकवायची जागा निघणार होती आणि त्या जागेसाठी हा विषय लागत होता.

त्या दिवशी साहेबांनी, म्हणजे आता सरांनी, विचारले, "आरोपी आणि गुन्हेगार यात फरक काय?"

टाचणीताई झटकन उठल्या. "सर, आरोपीवर नुसता आरोप असतो. सिद्ध होईपर्यंत त्याला निर्दोषच मानायचं."

"शाब्बास! या पुढे. हात करा."

खट् खट्. मी बंद झाले. "अगं बाई, गार आहे की!" म्हणून ताई हसल्या, वर्गही हसला. मग सरांनी किल्ली घातली, फिरवली, आणि ती मोडली. अर्धी त्यांच्या चिमटीत, अर्धी माझ्या पोटात.

सरांचा चेहरा पडला. कुणी साबण आणला, कुणी तेल. ताईंच्या कॉलरची एक टाचणीही घालून पाहिली, ती वाकली. सरांनी कुलूपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दुकानात एकटाच आहे हो. इकडेच घेऊन या."

बाजाराचा रस्ता चिंचोळा, गाडी जात नव्हती. चालतच निघावे लागले. एका मुलीने आपला स्वेटर ताईंच्या हातांवर टाकला, आणि तिथेच सगळे बिघडले. पकडून नेलेल्या माणसांचे हात फोटोत असेच झाकलेले असतात. त्यातून बाजूला सरांच्या मिशा आणि ती पोलिसी चाल!

औषधांच्या दुकानापाशी ताईंचे एक गिऱ्हाईक भेटले. "काय केलंत हो हे?" त्या बाईंनी विचारले.

"काही नाही हो. कॉलेजात... किल्ली मोडली."

"हो का," असे म्हणत बाईंनी आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"खरंच सांगतो, माझ्या विद्यार्थिनी आहेत या," सर म्हणाले.

"असू दे साहेब. तुमचं कामच आहे ते."

ताई जितके समजावू लागल्या तितकी गर्दी वाढली. एका आईने मुलाला मागे ओढले. ताईंना घाम फुटला. त्या भराभर चालू लागल्या, हात हिसडू लागल्या आणि मी आवळत गेले. मला आवळायचे नव्हते, मित्रांनो. पण दात पुढेच सरकत होते. त्यांच्या कातडीवर लाल वळ उठला आणि त्यावर मी रुतून बसले.

पुढे टायरचे दुकान होते. तिथे ताईंचा धाकटा दीर काम करायचा. पूर्वी तो भावाकडेच राहायचा. तेव्हा तो कामाला होता त्या गोदामात चोरी झाली, संशयावरून त्याला नेले, मग खरा चोर सापडला आणि त्याला सोडून दिले. त्यानंतर काही दिवसांतच तो घर सोडून दुकानामागच्या खोलीत राहायला आला होता.

वहिनीला पाहताच हातातले चाक टाकून तो धावत आला. त्याने स्वेटर उचलला.

"वहिनी, दुखतंय का?"

ताईंनी मान डोलावली.

"ओढू नका. ओढलं की आवळते. हात पोटाशी धरा, सैल."

ताईंनी हात सैल सोडले आणि मी थांबले. तो त्यांच्या दुसऱ्या बाजूने चालू लागला. थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "भाऊजी, मी काय केलं, ते विचारलं नाहीत तुम्ही."

"त्यात काय विचारायचं? तुम्ही काही करणार नाही, मला माहितीय."

ताई भर रस्त्यात थबकल्या. मग पुन्हा चालू लागल्या.

कुलूपवाल्याने मला उलटसुलट करून पाहिले. "तुकडा निघायचा नाही. कापावीच लागेल," असे म्हणून त्याने मनगटाच्या आणि माझ्या मधे चामड्याची पट्टी सरकवली आणि करवत लावली. लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखे वाटले.

करवतीच्या आवाजात ताईंनी हळूच विचारले, "तुम्हाला नेलं, तेव्हाही अशीच आवळली होती?"

"हातांचं काही नाही हो. ते वळ लगेच गेले." दीर बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला, "सुटून घरी आलो, त्या दिवशी तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत. आधी कधी लावत नव्हतात. ते ऐकू आलं मला."

करवत थांबली. "थांबू का जरा?" कुलूपवाल्याने विचारले.

"नाही. कापा," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. "भाऊजी, ती व्याख्या मला तोंडपाठ आहे हो. आत्ताच वर्गात घडाघडा म्हणून आले."

कडे तुटले. दुसरे कुलूपवाल्याने सांध्याचा गंजलेला खिळा उडवून उघडले. दीर निघाला. "दुकान उघडं टाकून आलोय."

"मी येते तिथे. बंद होईपर्यंत बसते. घरी बरोबरच जाऊ."

दोघे बाजारातून परत गेले. मला सरांनी खिशात घातले, त्यामुळे पुढचे दिसले नाही.

आता सर मला कापलेल्या अवस्थेतच टेबलावर ठेवतात. मला तेलही मिळते, उशिरा का होईना. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे काही असेल, तर त्याची निगा राखा. गंज वस्तूपाशी थांबत नाही, तो माणसालाही लागतो. आणि कुणी बांधलेल्या हातांनी समोरून आले, तर त्याने काय केले हे ठरवायला न्यायालय आहे. तेवढे काम न्यायालयावरच सोडा.

परवा सरांनी टाचणीताईंना विचारले, "दीर परत आले का घरी?"

"जेवायला येतात, सर. राहायला नाही आले."

"येतील हो."

"यायलाच हवं असं कुठे आहे?" वही उघडत ताई म्हणाल्या. "मी विचारत राहीन."