नेलपॉलिशचे ठिपके

दुरुस्तीवाल्यांवर माझा काडीचा भरवसा नाही. चांगले भाग काढून जुने बसवतात. म्हणून कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागावर मी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि दुकानात दुरुस्तीवाल्याच्या समोरच ठाण मांडून बसलो.

नवा मदरबोर्ड बसवून तो म्हणाला, "आता विंडोज नव्यानं टाकावं लागेल. आत जपून ठेवण्यासारखं काही आहे का, साहेब?"

याला कशाला नसत्या चौकशा? "काही नाही," मी म्हणालो.

"नक्की? फोटोबिटो?"

आता मात्र मनात पाल चुकचुकली. "एकदा सांगितलं ना."

घरी येऊन ठिपके तपासले. मदरबोर्ड सोडून माझे सगळे भाग जागेवर होते. बायकोनं कॉम्प्युटर लावला.

"अहो, माझ्या आईचे फोटो कुठे गेले?"

"तरी मला वाटलंच," मी म्हणालो. "तो माणूस चोरच दिसत होता."