दीड मिनिटाचा सत्कार

आमच्या कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळात सत्कार कधीच शेवटी होत नाही. शेवटी ठेवला की निम्मे लोक बसथांब्यावर असतात. म्हणून कार्यक्रम अर्ध्यावर आला आणि जरा कुठे शांत झालं, की आमचे अध्यक्ष श्यामसुंदरकाका शाल-नारळ घेऊन उठतात. रेल्वेतनं रिटायर झालेत, बराकपूरला राहतात, सियालदाहून सुटणारी त्यांची लोकल ठरलेली असते.

ही सवय मला बारा वर्षं माहीत आहे. तरी त्या रविवारी ती नेमकी विसरले, हा माझा दोष.

त्या रविवारी माझ्या मुलीचा, आभाचा, बॅले होता. ती नाचते हे आता जुनं झालं. या वेळी तिनं स्वतः नाच बसवला होता. तिच्या कंपनीनं चार नव्या रचना ठेवल्या होत्या. पहिल्या रचनेत आठ जण खुर्च्यांशी भांडले. दुसरीत एकजण प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून लोळला. त्याला सोडवायला दोघं धावले, ते रचनेतच होतं की काय, हे मला अजून कळलेलं नाही. तिसरी आभाची.

तिच्या रचनेत सगळे कुणाची तरी वाट बघत असतात, आणि मध्ये दीड मिनिट संगीत बंद. आभासकट सहा जण उजवा हात पुढे करून, तळवा वर, दगडासारखे उभे. यावरून तिचं आणि डायरेक्टर सुमितदांचं महिनाभर वाजत होतं. "चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी नाक खाजवेल," सुमितदा म्हणायचे. "दहा सेकंद ठेव." आभा ऐकेना. शेवटी ठरलं, पहिल्या प्रयोगात एकजण जरी हलला तरी रचना कार्यक्रमातून बाहेर, आणि आभा पुन्हा लहान मुलींच्या वर्गावर.

"आई, लोक तेवढे आण," एवढंच ती मला म्हणाली. आमचे लोक म्हणजे मंडळ. सदतीस माणसं आली. हावड्याची दोन कुटुंबं तर तान्ह्या पोरांसकट फेरीबोटीनं आली. बॅले म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. किती वाजता, एवढंच विचारलं.

संगीत थांबलं. सहा हात पुढे आले. वीस सेकंद सगळं चिडीचूप.

"संपलं वाटतं," शेजारून भाग्यश्रीवहिनी कुजबुजल्या. "छान होतं हो."

"नाही वहिनी, अजून..." म्हणेपर्यंत पुढच्या रांगेतून काका उठून बाजूच्या पायऱ्या चढले होते. विंगेतल्या मुलीनं त्यांना अडवलं नाही. नंतर म्हणाली, ते इतके संथ चालत होते की मला वाटलं तेही नाचतायत.

"दोन शब्द बोलतो," काका म्हणाले. माइक नव्हता, त्यांना तो कधी लागतही नाही. "आभा आमच्या मंडळाची कन्या. तिनं आज हात पुढे केलाय, तो रिकामा कसा ठेवायचा?" आणि तिच्या खांद्यांवर शाल घालून त्यांनी तिच्या तळव्यावर नारळ ठेवला.

आभाची पापणीसुद्धा हलली नाही.

काकांनी आजूबाजूला बघितलं. अजून पाच हात पुढे, आणि नारळ एकच. "वहिनी, तो मिठाईचा डबा आणा," त्यांनी वरूनच सांगितलं. वहिनी चढल्या आणि बागबाजारहून आणलेला संदेश एकेक करून पाचही तळव्यांवर ठेवला. रोहन म्हणून एक उंच पोरगा आहे, त्याला कुंकूही लावलं, कारण करंडा पर्समध्ये होताच. "घे रे, लाजू नकोस," त्याला म्हणाल्या. "किती घामेजलंय लेकरू."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर आमचे हे, अनिल, स्टेजसमोर उकिडवे बसून फोटो काढत होते. "आभा, इकडे बघ. जरा हस."

तिनं बघितलं नाही.

मग संगीत सुरू झालं. काका आणि वहिनी दचकून जवळच्या विंगेत पळाले. तिथे चौथ्या रचनेची शिडी होती. ती पडली, आणि त्या आवाजालाही टाळ्या मिळाल्या. सहाही हात ठरल्याप्रमाणे छातीशी आले. आभाच्या हातात नारळ, बाकीच्यांच्या मुठीत संदेश. उरलेली चार मिनिटं ते तसेच नाचले. एकानं गिरकी घेता घेता खाल्ला, ते मी बघितलं.

पडदा पडल्यावर मी आत गेले. आभा सुमितदांसमोर उभी होती, शाल अंगावर तशीच.

"कोण ही माणसं?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"माझी," आभा म्हणाली.

"हे रचनेतलं होतं?"

बाहेर लोक अजून उभं राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, हो म्हणून टाक बाई.

"नाही," आभा म्हणाली. "आमच्याकडे सत्कार मध्येच करतात. त्यांना वाटलं माझा नाच संपला."

सुमितदा रोहनच्या कपाळाकडे बघत बसले. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी लोकांना नुसतं उभं राहायला शिकवतोय. आज हातात संदेश ठेवला तरी कुणी हललं नाही. तेही कोलकात्यात." नाक पुसलं आणि म्हणाले, "दीड मिनिट राहू दे. रचना राहू दे. नारळ नको."

काका बाहेर जिन्यापाशी उभे होते. कुणीतरी त्यांना खरं काय ते सांगितलं होतं.

"वाटोळं केलं का गं मी तुझं?"

"नाही काका. रचना राहिली." ती वाकून त्यांच्या पाया पडली. "मी तेरा वर्षांची होते. बाबा नुकतेच बदली होऊन आले होते, आई-बाबांना इथले रस्ते माहीत नव्हते. तुम्ही दर शनिवारी मला क्लासला न्यायचात. दोन तास बाहेर बाकावर बसायचात, आणि मी दारात आले की बॅग घ्यायला हात पुढे करायचात. तेच बसवलंय मी."

आभानं खांद्यावरची बॅग काढून त्यांच्या हातात दिली, आणि आम्ही सगळे जिना उतरू लागलो.