पेटीत बूट, तंबूत डबे

होय, मीच बोलतेय. सोळा नंबरच्या तंबूच्या जागेवरची लोखंडी पेटी. जिच्यावर तुम्ही ओले मोजे वाळत घालता आणि चहाचे कप आपटता, तीच. इतकी वर्षं गप्प राहिले, कारण तुमच्याशी बोलावं एवढी तुमची लायकी मला कधी वाटली नाही. आजही वाटत नाही. पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका वेल्डरने मला घडवलं. माणूस अबोल, कामाला चोख. माझी कडी त्याने पत्र्याच्या आडोशाला अशी बसवली, की माणसाची बोटं आत जातील पण अस्वलाचा पंजा जाणार नाही. झाकण दहा वेळा उघडून-लावून पाहिलं आणि मगच मला ट्रकवर चढवू दिलं. मला भेटलेला अक्कल असलेला तो पहिला माणूस. दुसरी आमची वनरक्षकबाई. तिसरा अजून यायचाय.

मला आणून ठेवलं ते आठ हजार फुटांवरच्या पाइनच्या जंगलात. भोवती ग्रॅनाइटचे घराएवढे खडक, एकमेकांवर रेललेले. इतक्या देखण्या जागी माणसं येतात आणि पहिला अर्धा तास मोबाइल उंच धरून रेंज शोधत फिरतात. मग तंबू उलटा ठोकतात. मग तो कोणी उलटा ठोकला यावरून भांडतात. इथे किती शांत आहे, हेसुद्धा एकमेकांना ओरडून सांगतात.

माझं काम एकच. खायचं सगळं माझ्या पोटात ठेवायचं आणि कडी लावायची. माणसाच्या खाण्याची चटक लागली की अस्वल तंबूत शिरतं, आणि तंबू फाडल्याची लेखी तक्रार आली की त्याला गोळी घालतात. वरून तसा नियमच आहे. तेव्हा मी तुमचे डबे वाचवायला इथे बसलेय, हा गैरसमज सोडा. मी अस्वलांचा जीव वाचवायला बसलेय.

भुरी ही इथली तीन वर्षांची अस्वलीण. आईमागे धडपडत चालायची तेव्हापासून बाई तिला ओळखायची. भुरी यायची, मला हुंगायची, खांद्याने एकदा ढकलून बघायची आणि मुकाट्याने रानफळांकडे वळायची. तुमच्यापेक्षा शहाणी होती.

गेल्या महिन्यात एक साहेब आले, बायको आणि नवे कोरे बूट घेऊन. कौतुक बुटांचंच जास्त होतं. बाईने नेहमीप्रमाणे बजावलं, "खायचं सगळं पेटीत. साबण, टूथपेस्टसुद्धा."

"हो हो, वाचलीय पाटी," साहेब म्हणाले.

दुपारी दोघं चपला घालून ओढ्यावर निघाली.

"अहो, डबे तंबूतच राहिलेत," बायको म्हणाली.

"राहू दे. पेटीत बूट आणि कॅमेरा ठेवलाय. कोणी उचलून नेलं म्हणजे?"

"पण त्या बाई म्हणाल्या ना..."

"त्यांचं कामच आहे घाबरवायचं. चल."

त्या रानात बूट चोरायला कोण येणार होतं? खारी?

भुरी आली. मला हुंगलं, तर आत नुसतं चामडं. तंबूतून मात्र जॅमचा घमघमाट. पंजाच्या एका ओढीत कापड टरकन फाटलं. तेव्हाच मला वाचा फुटली असती तर मी बोंब ठोकली असती. ज्यांना वाचा होती, ते ओढ्यावरून परतले होते आणि खडकाआड उभे राहून व्हिडिओ काढत होते. "अगं बघ, बोटं चाटतेय कशी!" साहेब हसत होते. बाई ताट बडवत धावत आली तेव्हा कुठे भुरी पळाली. तोवर डबे साफ झाले होते.

तंबूच्या चिंध्या बघून साहेबांचं हसू मावळलं. "मी लेखी तक्रार करणार. असली जनावरं मोकाट सोडता?"

बाईने आयुष्यात कधी खोटी नोंद केली नव्हती. त्या दिवशी ती हात जोडून म्हणाली, "साहेब, फांदी पडून तंबू फाटला असं लिहा. पाया पडते तुमच्या. मारतील हो तिला."

"अहो, लिहा ना तसं," बायको म्हणाली. "चूक आपलीच आहे."

"आपली कशी? पेटीत जागा होती का?" असं म्हणून साहेबांनी माझ्याच झाकणावर कागद टेकवला आणि सही ठोकली. मग माझ्यातले बूट बाहेर काढून, उलटेपालटे करून, त्यांना कुठे काही झालं नाही ना ते पाहिलं. साहेबांची बोटं झाकणात चिरडून ठेवावीत असं मला वाटलं. खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंदूक घेऊन वनखात्याची दोन माणसं आली. भुरीला खात्रीने ओळखणारी एकटी बाई, म्हणून तिलाच पुढे उभं केलं. भुरी आलीच. चटक लागली होती. माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली.

"हीच का?" त्यांनी विचारलं.

"हीच," बाई म्हणाली.

मी अजून धडधाकट आहे. बिजागरीला थोडा गंज आलाय, एवढंच. बाई हल्ली कोणाला काही समजावत बसत नाही. आल्या आल्या लोकांच्या हातातले डबे काढून घेते, माझ्यात ठेवते आणि कडी स्वतः लावते. काल एका हौशी पाहुण्याने तिला विचारलं, "इथे अस्वल बघायला मिळतं ना हो?" बाईने लावलेली कडी काढली, पुन्हा लावली आणि ओढून पाहिली.

तुमच्यासारख्यांना विनवायचा मला कंटाळा आहे, तरी विनवते. येऊ नका. हे खडक तुमच्यावाचून अडलेले नाहीत. आणि आलातच, तर अस्वल कुठे दिसेल, हे तेवढं बाईला विचारू नका.