दोनदा ठोका, मग चावी फिरवा

जुनी गाडी बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी टायरला लाथ का मारतो? हा प्रश्न मी अकरा वर्षं विचारतोय. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. इंजिन काही टायरमध्ये नसतं.

मी चाकूरची पांढरी सातसीटर व्हॅन बोलतोय. खरं तर 'बोलतेय' म्हणायला हवं, गाडी ही बाईमाणूस. पण या घरात आलो त्या दिवशी कस्तुराबाईने मला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लेकाला बजावलं, "भागवत, ह्यो तुझा धाकटा भाऊ समज. अडून बसला तर शिव्या देऊ नको." तेव्हापासून मी धाकटा. शिक्षण शाळेच्या फाटकापर्यंत. माझ्यातून उतरून पोरं आत जायची, मी बाहेर उभा राहायचो.

भागवतने मला उदगीरला घेतलं, तेव्हाही मी वापरलेलाच माल होतो. पण त्या दिवशी काय नटलो होतो! इंजिन धुऊन चकचकीत. गंजून चाळण झालेल्या पत्र्यावर नवंकोरं मॅट. मीटर मागे फिरवून मला तरुण केलेलं. थंड असताना निघणारा निळा धूर दिसू नये म्हणून इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. भागवतने मॅट उचललं नाही, खाली वाकून बघितलं नाही, सोबत मेकॅनिक आणला नाही. टायरला लाथ मारली, हॉर्न दाबला, हॉर्नमधून गाणं निघालं तसा म्हणाला, "घेतली!"

घरी येतानाच, नळेगावच्या अलीकडे, मी उकळलो. तो रस्त्याच्या कडेला बसून इतका हसला की मलाही वाफ आवरेना.

माझी सगळी दुखणी त्याने पाठ केली. सरकता दरवाजा आधी वर उचलायचा, मग ओढायचा. दुसरा गिअर निसटतो, तो हाताने धरून ठेवायचा. लातूरच्या भाड्याला निघालं की पाण्याची कॅन सोबत. आणि स्टार्टर. चावी फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं. मग तो शिटाखालून पाना काढायचा, स्टार्टरवर दोनदा ठोकायचा आणि म्हणायचा, "ऊठ रे बाबू, शाळा भरली."

मी उठायचो.

"बदलून टाक ते स्टार्टर," मेकॅनिक दरवेळी सांगायचा. "चालून राहिली की गाडी," भागवत म्हणायचा. आणि मी मूर्ख, मला त्याचा अभिमान वाटायचा. मी फक्त माझ्या भावाच्या हातानं उठतो! चाकूरच्या स्टँडवर एवढा मान दुसऱ्या कुठल्या गाडीला होता?

जुलैतल्या एका सकाळी भागवतच्या छातीत दुखायला लागलं. कस्तुराबाई उदगीरला बहिणीकडे गेली होती. बायको पुनम आणि शेजारचा दुकानदार उमाशंकर, दोघांनी त्याला माझ्या मधल्या शिटावर आडवं केलं. उमाशंकरने चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. भागवतला बोलता येत नव्हतं. पाना त्याच्यापासून दोन हातांवर होता.

दुसरी गाडी मिळायला वीस मिनिटं गेली. लातूरहून तो परत आला नाही.

मी पहिल्याच चावीला उठलो असतो तर? हा माझा दुसरा प्रश्न.

तीन महिने दारात उभा राहिलो. मग पुनमने मला विकायचं ठरवलं आणि उमाशंकरने मला पुन्हा नटवलं. धुतलं, मॅट बदललं, चार माणसांनी ढकलून चालू केलं आणि गरम करून ठेवलं. तो मनाने वाईट नाही. पुनमचं भलं व्हावं एवढंच त्याला वाटत होतं.

बघायला लोह्याहून बुद्धप्रिया आली. तिच्या वडिलांना, धम्मानंदांना, आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यावं लागतं. तिने टायरला लाथ मारली नाही. शीट उचलून खालच्या इंजिनाजवळ हात धरला.

"दादा, इंजिन गरम कसं काय?"

"आत्ताच दळण आणलं, ताई."

"मग थंड होऊ द्या. मी थांबते. बाबांना न्यायचंय मला, नवरदेवाला न्हाई."

तोवर तिने मॅट उचललं. "हितून तर रस्ता दिसून राहिलाय." मग दरवाजा ओढला, तो रुळावरून निसटून तिच्या अंगावर आला. मी शक्य तितका लाजलो.

पुनमने मुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा झाला. दोन तासांनी बुद्धप्रियाने चावी फिरवली. टक्.

"बॅटरी हो!" उमाशंकर ओरडला. "बाकी गाडी सोनं हाय."

"बॅटरी न्हाई," दारातून कस्तुराबाई म्हणाली. "शिटाखाली पाना हाय. दोनदा ठोका, मग फिरवा. भागवत असंच करायचा."

पुनमच्या हातातला कप तसाच राहिला. "तुम्हाला ठाव होतं, आत्या?"

"ठाव होतं की. पहाटे सडा घालताना बघायची मी, लई वर्षांपासनं..." आणि सून काय विचारतेय ते म्हातारीला उमगलं. ती उंबऱ्यावरच बसली. "मी उदगीरला होते गं, पुनम. मी उदगीरला होते."

पुनम जाऊन तिच्याजवळ बसली. थोड्या वेळाने बुद्धप्रियाने पाना काढला, दोनदा ठोकलं. उठायची लाज वाटत होती, तरी उठलो. मागून निळा धूरही सोडला.

"घेते मी," ती म्हणाली. "आधी तीन गाड्या बघितल्या. एकाही मालकानं दुखणं सांगितलं न्हाई. मावशीनं सांगितलं."

"नेऊ द्यायची न्हाई," पुनम म्हणाली. "स्टार्टर बदलल्याबिगर ही गाडी दारातून हलायची न्हाई."

मेकॅनिक आला. अर्ध्या तासात काम झालं. एवढ्या वर्षांत आम्हा दोघा भावांना तो अर्धा तास सापडला नव्हता.

तुम्ही जुनी व्हॅन घ्यायला जाल तेव्हा लाथा मारू नका. इंजिन थंड असताना चावी फिरवा. मॅट उचला, दरवाजा ओढून बघा. आणि एवढं विचारा, मालक अंथरुणाला खिळला तर ही दुसऱ्याच्या हातानं चालू होते का?

निघताना कस्तुराबाईने माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं. पाना मात्र तिने पदरात गुंडाळून घेतला. बुद्धप्रियाने मला चालू केलं, तशी पुनम खिडकीशी आली.

"ताई, एकदा बंद करा. परत चालू करा."

मी चालू झालो.

"आणखी एकदा."

मी चालू झालो. तिसऱ्यांदाही, चौथ्यांदाही. ती 'बास' म्हणेपर्यंत, दरवेळी, पहिल्याच चावीला.