वरच्या घरची लिली

आमच्या सूनबाईला फुलं पोचवायला पाठवलं, की ती तिकडेच रुजते. सकाळी नऊला चार गुच्छ घेऊन निघाली. बारा वाजले, एक वाजला, हिचा पत्ता नाही. फोन नेहमीप्रमाणे दुकानातच. फुलं दारात द्यावीत आणि जिना उतरावा, एवढं सोपं काम. पण लोकांच्या उंबऱ्यावर उभं राहून गप्पा छाटणं हा तिचा जुना आजार.

मनातल्या मनात तिची हजेरी घेत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बादलीकडे लक्ष गेलं.

आमचं गाव डोंगराच्या अंगावर लटकलेलं. खाली बाजारात ऊब, वर पाण्याच्या टाकीपाशी हाडं गोठवणारा गारठा. म्हणून दुकानात लिलीच्या दोन बादल्या. खालच्या घरांना कळ्या द्यायच्या, त्या आपोआप उमलतात. वरच्या घरांना उमललेलीच फुलं, कारण तिथे कळी आठवडाभर तोंड मिटून बसते. आणि उमललेली लिली बादलीत जशीच्या तशी! म्हणजे बाईसाहेब कळ्या घेऊन गेल्या होत्या, त्याही पोस्टबाईंकडे.

पोस्टबाई म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या, टाकीशेजारी एकट्या राहणाऱ्या. उद्या पहाटेच्या गाडीने त्या डोळ्यांच्या ऑपरेशनला जाणार होत्या. नजर राहील की जाईल, डॉक्टरही सांगेना. "उमललेली पांढरी लिली एकदा डोळे भरून बघू दे," एवढंच त्यांनी मागितलं होतं. मी शब्द दिला होता.

दुकानाला कुलूप घातलं, फुलं उराशी धरली आणि चढाला लागले. गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या, मी त्यांना दोन जास्त घातल्या.

धुकं असं उतरलं होतं, की दोन पायऱ्या दिसायच्या, तिसरी मनानेच धरायची. घरं विरघळून गेलेली, नुसत्या खिडक्या तरंगत होत्या. शिंप्याचं मशीन कुठेतरी ढगात चाललं होतं. कुणी गादी झटकली. आवाज आला, माणूस आलंच नाही. वाटलं, मी चढतच नाहीये, गावच माझ्या पायांखालून हळूहळू खाली वाहतंय. हातातली फुलं पांढऱ्यात पांढरी होऊन गेली. नुसता वास पुढे चालला होता आणि वासामागे मी.

टाकीच्या वळणावर वारा घुसला. दोन फुलं तिथेच गळली, बाकीच्यांच्या पाकळ्या चिरल्या. चाळीस वर्षांचा धंदा, आणि रागाच्या भरात कागद गुंडाळायला विसरले!

पोस्टबाईंचं दार लोटलं. आत शेगडी पेटलेली, काचांवर वाफ. कोमट पाण्याच्या पातेल्यात कळ्यांचे देठ, आणि वरून सूनबाईने आपली शाल तंबूसारखी धरलेली. पोस्टबाई तंबूत डोकं घालून बसलेल्या.

"आई, आधी दार लावा," सूनबाई कुजबुजली. "गारठा येतोय."

मला! दार लावा म्हणे! मी लावलं.

"सकाळपासून इथेच बसलीस?"

"बाकीचे तीन गुच्छ दिले, पण इथला गठ्ठा चुकला, आई. परत दुकानात यायचं तर तुमच्या तोंडाची भीती. मग पाणी बदलत बसले."

"जिभेला हाड नाही माझ्या, मान्य. पण म्हणून—"

"हळू बोला गं," पोस्टबाई आतून म्हणाल्या. "दचकेल ती."

मीही तंबूत डोकं घालून बसले. किती वेळ, देव जाणे. एका कळीची शिवण शेंड्याशी जराशी उसवली. एक पाकळी सुटून मागे वळली, मग सावकाश दुसरी. आयुष्यभर फुलं विकली मी, पण एकही उमलताना पाहिलं नव्हतं. पोस्टबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पापणी न हलवता बघत राहिल्या, पार सहाव्या पाकळीपर्यंत.

मी माझी फाटकी फुलं खुर्चीमागे सरकवली आणि सूनबाईकडे वळले.

"गठ्ठा चुकलीस, ते मी मरेपर्यंत उगाळीन. पण उद्यापासून वरची सगळी घरं तुझी. आणि तू परत कधी येतेस, ते मी विचारणार नाही."