कुजक्या काडीतल्या मुंग्या

जंगलातल्या पाचोळ्यात हात घातला की मला शिसारी यायची. वरचा थर कोरडा, खालचा चिकट, कुजका. बोटांच्या बेचक्यात जळवा. पण रत्नपुऱ्याला घरी बसून मी कंटाळले होते आणि माझी चुलतबहीण दिल्रुक्षीअक्का हिला मदतीला कुणीतरी हवं होतं. ती विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवायची. आमच्या बेटाबाहेर कुठेच न सापडणारी एक चिमुकली पिवळी मुंगी ती कित्येक वर्षं शोधत होती.

"इनोका, तोंड काय वाकडं करतेस? चाळ!"

मी पाचोळा चाळायचे. खालच्या पांढऱ्या कापडावर गोमा पडायच्या, कोळी पडायचे, ती मुंगी काही पडायची नाही.

त्या सकाळी अक्काने एक कुजकी काडी हलकेच मोडली आणि श्वासच रोखला. आत त्या होत्या! भिंग डोळ्याला लावून मीही पाहिलं. उजेड पडताच त्या अंग चोरून गोठल्या. मग एकेक मुंगी पांढुरकी अळी तोंडात धरून अंधाराकडे निघाली.

तेवढ्यात वारा फिरला आणि घाण वास आला. झुडपामागे तारेच्या फासात एक पिसोरी हरीण अडकून मेलं होतं. पोटात किडे वळवळत होते. धडपडून धडपडून त्याने भोवतीची माती उकरली होती. मला भडभडून उलटी झाली.

"अक्का, वनखात्याच्या चौकीवर सांगू या. आणखी फास असतील."

"आत्ता नको. गार्ड येतील, सगळं तुडवतील. आठवडाभर मला इथे बसू दे."

"आठवड्यात आणखी मरतील!"

"मेलेलं जिवंत होणार आहे का?" भिंगावरचा डोळा तिने काढला नाही.

एवढी किळस मला किड्यांचीही आली नव्हती. नाकाला ओढणी बांधून मी तो फास सोडवला. तार मांसात रुतली होती. तशीच ती हातात घेऊन चौकी गाठली.

गार्ड आले. बरेच फास निघाले. एकात साळिंदर जिवंत होतं, तेही सुटलं. पण त्यांच्या बुटांखाली ती काडी चिरडली गेली. अक्का गुडघ्यांवर बसून भुगा चिवडत राहिली.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

मी ओढ्यावर हात घासत होते. वास जात नव्हता.

परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे.