आंग दुखते

आमच्या घरात दोन खांदे दुखत होते. एक बाबांचा, एक आईचा. बाबांचा अख्ख्या गल्लीला माहीत होता. आईचा फक्त मला, कारण संक्रांतीच्या आधीपासून तिचा हात मागे जात नव्हता आणि सकाळी तिचा अंबाडा मीच बांधून द्यायचे.

बाबा कळमेश्वरच्या एका कंपनीत माल उचलतात. फेब्रुवारीत त्यांचा हात वर जाईना. नंदनवनच्या चौकातले गिरिधर डॉक्टर आमचे नेहमीचे. बाबा एवढंच म्हणाले, "डॉक्टर, खांदा दुखून राहिला." झालं! डॉक्टर खुर्चीतून उठले, हात फिरवून पाहिला, दाबून पाहिला, फोटो काढायला लावला, शेक लिहून दिला. कंपनीसाठी हलक्या कामाची चिठ्ठीसुद्धा. आता बाबा ठणठणीत.

आई खांदा म्हणतच नाही. आई म्हणते, आंग दुखते. टाचेपासून मानेपर्यंत तिच्याकडे सगळं एकच आंग आहे. मावशीचंही तसंच. एकेक भाग दाखवून दुखणं सांगायचं म्हणजे त्यांना नखरे वाटतात. आणि चाळिशी उलटलेली बाई 'आंग' म्हणाली की आमच्या भल्या डॉक्टरांचा आवाज एकदम खाली येतो. "वहिनी, पाळी नियमित आहे ना?" झालं, बाबांना लगेच फोन येतो आणि ते बाहेर जातात. आई फरशीकडे बघते. मग पुढचं सगळं त्याच गोष्टीवर. रक्त तपासा, कॅल्शियम घ्या, या वयात होते असं, आराम करा. आई गोळ्या घेऊन घरी येते आणि कणीक भिजवायला बसते.

होळीनंतर एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना तिच्या हातून बादली सुटली. हॉलभर पाणी.

"काय पाडलं वं?" बाबा दिवाणावरून ओरडले.

"काही नाही. हात सुटला."

ती पुसायला उठलीच नाही. ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. मला तिचा रागही आला आणि भीतीही वाटली.

"संध्याकाळी दवाखान्यात जायचं," मी म्हटलं.

"कायले? पुन्हा गोळ्याच देते थो."

"या वेळी मी पण येते."

संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. बाकावर बसून बसून आईला डुलकी लागली. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी आधी बाबांकडेच पाहिलं. "काय संघपालभाऊ, खांदा कसा आहे?"

"एकदम मस्त. आज हिले दाखवाचं हाये."

"बोला वहिनी."

"आंग दुखून राहिलं," आई म्हणाली.

डॉक्टर पुढे झुकले. आवाज खाली आला. "पाळीचं कसं..."

बाबांचा हात खिशाकडे गेला.

"बाबा, बसा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच केवढा तरी मोठा वाटला, पण आता काय, निघाला होता. "डॉक्टरकाका, आईचं आंग म्हणजे सगळं आंग नाही. इथून इथपर्यंत आहे." मी आईच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"हर्षे, चूप बस ना वं."

"मग तू सांग."

"वहिनी, हात वर करा बरं," डॉक्टर म्हणाले.

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मग आई हळूच कमरेतून वाकली, म्हणजे हात वर गेल्यासारखा दिसावा. डॉक्टर उठले. त्यांनी तिचं कोपर धरलं आणि जरासंच वर नेलं.

"आई गं!"

बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. बाबा आईकडे बघत होते, जणू ती आत्ताच आत आली होती.

"खांदा आखडलाय पार. कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अहो, मग आधी नाही का यायचं?"

आई रागावली नाही. पदराने तोंड पुसलं. "आली होती ना. संक्रांतीच्या आधी. मंग होळीले."

"तेव्हा खांदा म्हणाला नाहीत तुम्ही."

"आंग म्हटलं ना मी," ती थकल्या आवाजात म्हणाली. "खांदा आंगातच येते ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी तिला भिंतीजवळ उभं केलं आणि बोटं चालवत हात वर कसा न्यायचा ते दाखवलं. रोज करायचं, काही महिने लागतील. वजन उचलायचं नाही, कणीक मळायची नाही, लाटायचं नाही. आईची बोटं हळूहळू वर गेली आणि तिच्या हनुवटीपाशीच अडली.

"अन् मंग पोळ्या?" तिने भिंतीलाच विचारलं.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. मी नजर हटवली नाही, बाबांकडेच बघत राहिले.

"मले पोळ्या जमत नाहीत," शेवटी बाबा पुटपुटले.

"शिकसान," आई म्हणाली. बोटं भिंतीवर तशीच ठेवून तिने डोळे मिटले.